चिनी आरमाराचं हरवलेलं क्रियापद

पुण्यात बोलणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. ऐकू जाण्याची होती. त्या टंचाईवर आमचं घर चाललं. मी माईकवाली. सभा, व्याख्यानं, सत्कार, बारशी, शोकसभा, सगळ्यांना लाउडस्पीकर लावून देणारी. या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "तुमच्या कामाबद्दल लिहा," तेव्हा मी म्हटलं, "अहो, मी आयुष्यभर दुसऱ्यांना बोलतं केलं. मला कुठं बोलता येतंय?" त्या म्हणाल्या, "खंडारे बाई, मघापासून मला 'ठेवते' म्हणायलासुद्धा फट मिळालेली नाही." म्हणून लिहिते. बोलल्यासारखंच लिहीन, मला दुसरं येत नाही.

आम्ही मूळचे वाशीम बाजूचे. माझे मिस्टर कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्याला आले, विश्रांतवाडीला खोली घेतली, मागून मला आणलं. त्यांना नोकरीपेक्षा आवाजाचा नाद जास्त. एका वर्षी आमच्या वस्तीत जयंतीच्या सभेला भाड्याचा सेट मधेच बंद पडला. पाहुणे एवढे लांबून आलेले, ते हात हलवतायत, तोंड हलतंय, आणि मागच्या बायकांना काही कळेना. त्याच दिवशी ह्यांनी ठरवलं, आपला स्वतःचा सेट असायचा. एक ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, एक माईक. पण हे पाळीला गेले की ऑर्डर कोण सांभाळणार? सातवी शिकलेली मी. पहिल्याच दिवशी वायर जोडताना झटका बसला आणि "अगं माय वो!" असं जे ओरडले, ते दोन्ही कर्ण्यांतून अख्ख्या वस्तीने ऐकलं. माझं पहिलं जाहीर भाषण ते. दुसरं व्हायला फार वर्षं गेली. त्याचीच ही गोष्ट आहे, पण ती शेवटी येईल.

लोकांना वाटतं, यात काय, बटण दाबलं की आवाज. तसं नाही. माईक आणि बॉक्स यांची तोंडं एकमेकांकडे झाली की शिट्टी वाजते. म्हणजे काय होतं, माईकमधून गेलेला आवाज बॉक्समधून बाहेर पडतो, तोच पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा बाहेर पडतो. माईकला स्वतःचा आवाज परत परत ऐकू आला की तो किंचाळतो. वक्त्यांचं याच्या बरोबर उलट असतं. आणखी एक, माणसं आवाज पितात. रिकाम्या हॉलात नीट लावलेला आवाज भरल्या हॉलात पुरत नाही. पुण्यात ही अडचण फारशी येत नाही, कारण हॉल भरत नाही.

वक्त्यांच्या जाती मला पाठ आहेत. माईकवर टिचक्या मारणारे. माईक आइस्क्रीमच्या कोनासारखा तोंडात धरणारे. "माझा आवाज खणखणीत आहे, मला माईक लागत नाही" म्हणणारे, ज्यांचं भाषण पहिल्या रांगेची खासगी मालमत्ता होतं. एक गृहस्थ मौनाचं महत्त्व या विषयावर इतकं बोलले की पुढच्या कार्यक्रमाची सनई वाजायला लागली, तरी थांबेनात. मी शेवटी आवाज हळूहळू खाली आणला. त्यांना कळलं नाही, श्रोत्यांना कळलं, आणि जाताना दोघातिघांनी मला नमस्कार केला.

या धंद्यात एक गोष्ट कायमची. काहीही बिघडलं की सगळ्या माना माईकवालीकडे वळतात. वक्ता मुद्दा विसरला तरी, लाईट गेली तरी. मिस्टर सांगायचे, "सेट घरी दोनदा तपासून न्यायचा. मग तिथं काही झालं तर बिघाड आपला आहे असं कुणाला म्हणू द्यायचं नाही. एकदा कबूल केलं की पुढची ऑर्डर गेली." ते गेल्यानंतरही मी हे पाळलं. भर सभेत एका मोठ्या माणसाला सांगितलंय, "साहेब, माईक चालू आहे. आपणच बोलत नाही आहात."

आणि या सगळ्यात माझं शिक्षण झालं. ॲम्प्लिफायरच्या मागे बसून मी ग्रहतारे ऐकले, मधुमेह ऐकला, पेशवाई तर इतक्या बाजूंनी ऐकली की शेवटी कोण कुणाच्या बाजूला होतं तेच कळेनासं झालं. ज्या संध्याकाळी जे ऐकलं ते त्या संध्याकाळी मला खरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी दुसरा वक्ता यायचा.

कर्णिक साहेब मात्र दरवर्षी यायचे आणि तेच सांगायचे.

ज्येष्ठ नागरिकांची एक व्याख्यानमाला होती, तिथला सेट आमचा. त्यात एक संध्याकाळ कर्णिक साहेबांची ठरलेली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. जन्मभर कालवे मोजले आणि निवृत्त झाल्यावर एकदम समुद्रात शिरले. विषय, "कोलंबसाच्या आधी चिनी आरमार".

थोडक्यात सांगते. कोलंबस आणि वास्को द गामा निघाले त्याच्या कितीतरी आधी चीनच्या मिंग बादशहाने प्रचंड गलबतांचा ताफा समुद्रात सोडला होता. त्यावरच्या सरदाराचं नाव प्रत्येक वक्ता वेगळं उच्चारतो, म्हणून मी लिहीत नाही. हा ताफा आपल्या कालिकतला आला, पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला, तिकडचा जिराफ चीनच्या दरबारात पोचला. इथपर्यंत भांडण नाही, इतिहासवालेही मान्य करतात. पुढे चीनने ही सगळी मुशाफिरी बंद केली आणि तिचे बरेच कागद नाहीसे झाले. जिथे कागद संपतात तिथे कर्णिक साहेब सुरू होत.

त्यांचं म्हणणं, ताफा आफ्रिकेला वळसा घालून थेट अमेरिकेला गेला, आणि तिलाही वळसा घालून पलीकडच्या किनाऱ्याला लागला. कोलंबसाच्या आधी. जगात असं म्हणणारे आणखीही लोक आहेत म्हणे, आणि त्यांना खोडून काढणारे त्याहून जास्त आहेत. साहेबांकडे पुरावे काय? कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पाण्यात सापडलेले भोकाचे दगड, जे चिनी नांगर आहेत असं काही जण म्हणतात. एक जुना नकाशा, जो कशाची तरी नक्कल आहे आणि ते 'कशाची तरी' सापडत नाही. आणि अमेरिकेतली एक कोंबडी, जी दिसायला चिनी आहे. कोंबडीचं चित्र ते पडद्यावर दाखवायचे तेव्हा बायका खुर्चीत पुढे सरकून बघायच्या. मीही बघायची. मला ती आमच्या शेजारणीच्या कोंबडीसारखी वाटे, पण माझं काम आवाजाचं.

बोलायचे फार सुंदर. हात पसरून म्हणायचे, "इथे ताफा पश्चिमेला वळला असावा. वारे अनुकूल असावेत. आणि एका पहाटे डोलकाठीवरच्या खलाशाला ती भूमी दिसली असावी!" अंगावर काटा यायचा.

मग प्रश्नोत्तरं. आणि तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून आगाशे सर उठायचे.

आगाशे सर म्हणजे मराठीचे निवृत्त शिक्षक. व्याकरण शिकवून शिकवून माणूस जसा होतो तसे झालेले. फिरता माईक घेऊन मी त्यांच्याकडे आधीच निघालेली असायची. ते माईक नीट धरायचे, हनुवटीपासून चार बोटं. माईक असा धरणारा पुण्यातला मला माहीत असलेला हा एकमेव श्रोता.

"मला प्रश्न नाही. दुरुस्ती आहे," ते म्हणायचे. "कर्णिक, आपल्या भाषणातली 'असावे' मोजायला बसलो होतो, पण माझी बोटं संपली. आपलं आरमार पाण्यावर नाही, 'असावे'वर तरंगतंय."

हॉल हसायचा.

"आगाशे, आपण कधी बोटीत बसला आहात का?"

"नाही. आपण?"

"मला बोट लागते," साहेब म्हणायचे, आणि हॉल पुन्हा हसायचा.

एकदा सर म्हणाले, "मराठीत वाक्याचा जीव शेवटच्या क्रियापदात असतो. 'पाहुणे काल आपल्या घरी' एवढं ऐकून कुणी चहा टाकत नाही. आले, आले असावेत, का आलेच नाहीत, हे कळेपर्यंत थांबायचं असतं. आपण गेली कित्येक वर्षं नुसता चहा टाकताय."

कार्यक्रम संपून मी वायरी गुंडाळत असे तेव्हा हे दोघं बाहेरच्या अमृततुल्यात शेजारी शेजारी बसून भांडत असायचे. दोघांच्याही बायका गेलेल्या, घरी वाट बघणारं कुणी नाही. एकदा कर्णिक साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, टाळ्या मला पुष्कळ मिळतात. टाळ्या काय, लोक भाषण संपल्याच्याही वाजवतात. मला या आगाशाच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'आले असावेत' ऐकायचंय."

"तुम्ही त्यांना चहा पाजून बघा."

"चहा तो माझाच पितो. पितो आणि नाही म्हणतो."

एका वर्षी लोणी काळभोरला गावच्या व्याख्यानमालेत साहेबांना बोलावलं. सेट आमचाच. आगाशे सर स्वखर्चाने आले, विरोध करायला. साहेबांनी ताफा अमेरिकेला नेऊन पोचवला, आणि सर उठायच्या आत एक पागोटेवाले आजोबा उठले. "सायेब, तुम्ही पाटबंधाऱ्यात होता न्हवं?"

"होतो."

"मग चिनी लोक आलं का न्हाई ते राहू द्या. आमच्या फाट्याला पानी कवा येनार हाय, तेवढं सांगा."

साहेब म्हणाले, "लवकरच यावं." आणि सरांनी माईक न घेता, नुसत्या तोंडाने, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा! पाणीसुद्धा 'असावे'च्याच घराण्यातलं!" परतताना टेंपोत पुढे मी आणि ड्रायव्हर, मागे बॉक्सांच्या मधे अडकून बसलेले हे दोघं, आणि हडपसरपर्यंत हसणं चाललेलं.

मग आगाशे सरांच्या मुलाने त्यांना अमेरिकेला न्यायचं ठरवलं. कायमचं. आणि अमेरिका एवढी मोठी, पण मुलगा राहायला कुठे? कॅलिफोर्नियात. साहेबांच्या पुराव्याच्या अगदी अंगावर.

निरोपाच्या चहाला मलाही बोलावलं होतं. साहेब म्हणाले, "आगाशे, आता तरी डोळ्यांनी बघून या तो किनारा. ते दगड."

"विमानाने चाललोय मी. आपले चिनी आधी पोचले असतील तर उतरवून घ्यायला येतील."

"थट्टा नको. जाल ना?"

सरांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "जाईन." बघा, क्रियापद. 'जावे म्हणतो' नाही, 'बघू' नाही. जाईन.

त्या वर्षीचं व्याख्यान मला आठवतंय. साहेब तसेच बोलले, कोंबडी तशीच दाखवली. प्रश्नोत्तरांना मी फिरता माईक घेऊन तिसऱ्या रांगेच्या टोकाला उभी, सवयीने. त्या खुर्चीवर कुणाची तरी पिशवी होती. प्रश्न एकच आला, पुढच्या आठवड्यात मणक्याच्या डॉक्टरांचं व्याख्यान किती वाजता आहे. टाळ्या झाल्या. साहेब मंचावर बसून राहिले, जसं बस गेल्यावर माणूस थांब्यावर बसून राहतो.

व्याख्यानमालेच्या सेक्रेटरींनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, माझ्यासमोरच, की पुढच्या वर्षी शेवटचं. "लोकांना आता गुडघे हवेत, कर्णिक. गुडघे, झोप, मृत्युपत्र. चीन वगैरे..." त्यांनी हात हलवला. साहेबांचं तोवर हृदयाचं ऑपरेशनही झालेलं, जिना चढताना मधे थांबायचे. मला म्हणाले, "बाई, शेवटचं आहे तर आगाशे हवा. तो संगणकावर दिसतो म्हणे. तुमच्या बॉक्समधून त्याचा आवाज येईल का?"

मी हो म्हटलं आणि घरी येऊन घाबरले. माझी मुलगी प्रज्ञा हिंजवडीला कंपनीत आहे, तिला फोन लावला. ती म्हणाली, "आई, सिंपल आहे. लॅपटॉपची ऑडिओ केबल तुझ्या मिक्सरला, कॉल जॉइन कर, आणि तू फक्त म्यूट काढ." या 'फक्त'साठी मी दोन रविवार तिच्यापुढे बसले. पण जमलं. माझ्या बाजूने सगळं चोख होतं, हे लक्षात ठेवा. हॉलचं इंटरनेट तेवढं माझ्या हातात नव्हतं. हॉलचं इंटरनेट म्हणजे सेक्रेटरींचा मोबाईल.

तो दिवस आला. ऐनवेळी हॉल चांगला भरला. आगाशे अमेरिकेतून विरोध करणार हे सगळीकडे पसरलं होतं. पडद्यावर आधी नुसतं छत दिसलं.

"आगाशे, आम्हाला तुमचं छत दिसतंय," साहेब म्हणाले.

"बघून घ्या. त्यावर चिनी अक्षरं नाहीत."

मग सर दिसले. तिकडे पहाट होती, डोक्याला माकडटोपी. हॉलाने टाळ्या वाजवल्या. साहेब बोलायला उभे राहिले, आणि मला कळलं की ते 'असावे' गाळायची तयारी करून आलेत. "ताफा वळला," म्हणायचे, आणि पुढे जरा अडखळायचे, जिन्यात पायरी चुकल्यासारखे. कोंबडी दाखवली नाही. भाषण लवकर संपलं.

"आता आगाशे सर," सेक्रेटरी म्हणाले. मी म्यूट काढलं.

"मला प्रश्न नाही," सर म्हणाले. हॉल आधीच हसायला लागला. "दुरुस्तीही नाही. निवेदन आहे."

दुरुस्ती नाही?

"कर्णिक, तुम्ही सांगितलंत म्हणून मी मुलाला घेऊन त्या किनाऱ्यावर जाऊन आलो. इथल्या वाचनालयात बसून त्या दगडांबद्दल मिळेल ते वाचलं. मग पुन्हा एकदा किनाऱ्यावर गेलो, आणि समुद्र बराच वेळ बघत बसलो. आता माझी खात्री झाली आहे की तुमचे चिनी लोक, कोलंबसाच्या आधी, या किनाऱ्यावर..."

आणि तुटलं.

पडद्यावर सर तोंड उघडं ठेवून थिजले. बॉक्समधून एक कट्ट आवाज, मग काही नाही. सगळ्या माना माझ्याकडे.

"बाई! तुमचा सेट!" सेक्रेटरी ओरडले.

"माझा सेट चालू आहे. फोन कुणाचा वाजतोय?"

सेक्रेटरींच्या खिशात वाजत होता. घरून. येताना कोथिंबीर आणा म्हणून.

त्यानंतर त्या हॉलात जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या रांगेतले एक जण म्हणाले, "आले असावेत, असंच म्हणणार होते. नाहीतर निवेदन कशाला?" मागून कुणी म्हणालं, "छट्! आगाशे? 'आलेच नव्हते' म्हणाले असणार." एक बाई म्हणाल्या, "'येऊन गेले' असेल." गुडघ्यांवर इतकी चर्चा कधी झाली नव्हती. मी पुन्हा जोडायला लॅपटॉपवर हात ठेवला, तर साहेब मंचावरून म्हणाले, "राहू द्या, बाई."

मग माईकमध्ये म्हणाले, "आगाशे सरांनी आयुष्यात पहिल्यांदा वाक्य माझ्यावर सोडलं आहे. मी ते घरी घेऊन जातो." आणि नमस्कार करून खाली उतरले.

बाहेर चहाला मला थांबवलं. ऑपरेशनपासून बिनसाखरेचा घ्यायचे, त्या दिवशी पोऱ्याला म्हणाले, "साखर टाक रे." मला म्हणाले, "ऐकलंत ना? 'समुद्र बराच वेळ बघत बसलो.' नाहीच म्हणायचं असतं तर माणूस समुद्र इतका वेळ कशाला बघेल?"

"फोन लावून विचारा की."

"छे. विचारलं की क्रियापद येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आगाशे सरांचा मलाच फोन. "खंडारे बाई, माझं वाक्य पूर्ण ऐकू गेलं ना? नंतर सगळं बंद पडलं. कर्णिक कसे आहेत? रागावले का?"

"रागावले? नाही बा. खूश आहेत. साखरेचा चहा घेतला."



"खूश आहेत म्हणजे ऐकू गेलं नाही," सर म्हणाले. "मी म्हणालो, चिनी लोक कोलंबसाच्या आधी या किनाऱ्यावर आलेच नव्हते; पण, कर्णिक, तुमच्यामुळे मी मात्र आलो. आठवडाभर जुळवत होतो ते वाक्य."

त्यांच्या वाक्याचा कडू भाग तर गेलाच होता, गोडही त्याच्याबरोबर गेला होता.

"दुरुस्ती करायला हवी," सर म्हणाले. सवय. मग, "साखर टाकून घेतला म्हणता?"

"भरपूर."

"हं." मग म्हणाले, "अडचण अशी आहे, बाई. माझ्या मुलाने इकडे सगळं रेकॉर्ड केलंय. सेक्रेटरींचा मेसेज आलाय, ते पाठवा, येत्या रविवारी सर्वांना ऐकवू. लोकांना फार उत्सुकता आहे म्हणे. माझ्याकडे आहे आणि 'नाही' म्हणू? मला खोटं बोलता येत नाही. मी पाठवणार. पण वाजवायचं यंत्र तुमचं आहे."

"आमचं यंत्र एकदम चांगलं आहे, सर."

"तीच तर अडचण आहे." मग त्यांनी घसा साफ केला. "त्यात बिघाड झाला असावा, नाही का?"

आगाशे सरांच्या तोंडून 'असावा'! ज्यासाठी कर्णिक साहेबांनी इतक्या वर्षांचा चहा पाजला, ते शेवटी ऐकायला मी होते.

"'असावा' म्हटलं की खोटं होत नाही, बाई," ते हळूच म्हणाले. "आज पहिल्यांदा त्या शब्दाची सोय कळली. आणि हो, माझा उत्तरार्ध तेवढा निरोप म्हणून त्यांना सांगा."

सांगितला. साहेबांच्या घरी जाऊन सांगितला, "सर म्हणाले, तुमच्यामुळे मी इथवर आलो." साहेब एकदम ताठ बसले. "'मी मात्र आलो' म्हणाले, की 'मीही आलो'?"

'मीही' म्हणजे आधी चिनी आले, मग हे. इंजिनियर असले तरी एवढं व्याकरण आगाश्यांच्या संगतीत आलेलंच होतं.

"आवाज नीट नव्हता, साहेब," मी म्हटलं.

रविवार आला. सेट मी घरी दोनदा तपासून नेला. जन्माची सवय, ती त्या दिवसापुरती कशी सुटणार? रेकॉर्डिंग आलेलं होतं, लॅपटॉप जोडलेला होता, बटण माझ्या बोटाखाली होतं. हॉल इतका भरला होता की माणसं भिंतीला टेकून उभी. कर्णिक साहेब पहिल्या रांगेत, हात गुडघ्यांवर. उत्सुक नव्हते. दवाखान्यात नाव पुकारायची वाट बघणारा माणूस जसा बसतो, तसे बसले होते. सेक्रेटरींनी मोबाईल सर्वांसमोर बंद करून दाखवला आणि म्हणाले, "हं बाई, लावा."

मला मिस्टरांचं वाक्य आठवलं. एकदा कबूल केलं की पुढची ऑर्डर गेली. ती गेलीही, पुढच्या वर्षापासून त्यांनी दुसऱ्याचा सेट ठरवला, आणि त्याच्या सेटला शिट्टी येते असं मला तिथल्या बायका आवर्जून फोन करून सांगतात. वाईट वाटतं. शिट्टीचं जास्त वाटतं. हळूहळू मीही काम सोडलं. आता सगळ्यांकडे खिशात मावणारे बॉक्स आलेत, त्यात गाणी वाजतात, पण माणसाचा आवाज पत्र्याचा येतो.

पण तेव्हा मी उठले. मंचावर गेले, माईक हातात घेतला, हनुवटीपासून चार बोटं धरला, आणि वायरीच्या झटक्यानंतरचं माझं दुसरं जाहीर भाषण केलं.

"मंडळी, माफ करा. आमच्या सेटमध्ये बिघाड झाला आहे. आज काहीही ऐकू येणार नाही."

शेवटच्या रांगेपर्यंत, भिंतीला टेकलेल्यांपर्यंत, खणखणीत ऐकू गेलं. लोक चुकचुकले, माना हलवल्या, खुर्च्या सरकवल्या. पहिल्या रांगेत कर्णिक साहेब रुमालाने चष्मा पुसायला लागले. ही बाई बिघडलेल्या माईकवरून बिघाड जाहीर करते आहे, हे उठून दाखवून देणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच होता, आणि तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पोचला होता.